चोळीत मावणारा फोन

कापूस फुटून रान पांढरं झालं होतं आणि माझा फोन वाजत नव्हता. रानात काम असताना घरात बसायची मला सवय नाही. मी अंगण झाडलं, झाडलेलं अंगण परत झाडलं. शेळी एका खुंट्याची सोडून दुसऱ्या खुंट्याला बांधली. जरा वेळ झाला की चोळीत हात घालून फोन काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. सून चुलीपुढून म्हणाली, "आत्या, सारखा बाहीर काढल्यानं वाजत नसतो तो. कोंबडी हाय का अंड्यावर बसवलेली?"

मी म्हणाले, "कोंबडी बरी. निदान ओरडती तरी."

आमचं गाव झरीपासून लांब नाही. मी बाया जमवते. शेतवाल्याला खुरपायला, सोयाबीन काढायला, कापूस वेचायला बाया लागल्या की तो मला फोन करतो. मी गल्लीतून बाया गोळा करते, सकाळी ऑटोत बसवते आणि त्यांच्याबरोबर मीही पात धरते. पात म्हणजे रानातला आपल्या वाट्याचा पट्टा. ज्या बाईला पात नाही ती रानात पाहुणी. हे काम मला कुणी नेमून दिलेलं नाही. आधी माझी मोठी जाऊ बाया जमवायची. तिचे गुडघे गेले, मग शेतवाले माझ्या दारात यायला लागले. पुढं दारात येणं बंद झालं आणि फोन सुरू झाले. फोन वाजला तर गल्लीतल्या बायांना काम. नाही वाजला तर त्या माझ्या तोंडाकडं बघत बसतात.

त्या सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या बायांचा ऑटो आमच्या दारावरून गेला. बाया दाटीनं बसलेल्या, डोक्याला फडकी बांधलेली. त्यातली एक हात हलवून ओरडली, "काय मावशी, आज उपास हाय का?" ऑटो पेडगावच्या रस्त्याला वळला. पेडगावच्या बाजूला माझा सगळ्यात जुना शेतवाला आहे. त्याची पहिली वेचणी दरसाल माझ्याच बाया करतात. त्यानं फोन कसा केला नाही, हे मला कळत नव्हतं. मी फोनकडं बघत होते. फोन चांगला चालू होता, वर उजेड होता, आणि तो गप्प होता.

हा फोन नवा होता. माझा जुना फोन बटनांचा होता आणि त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. पाण्यात पडला, शेणात पडला, एकदा बैलाचा पाय पडला. वाजला की शेजारच्या रानात ऐकू जायचा. शेवटी त्याची बॅटरी फुगली आणि पाठीचं झाकण बसेना. मी रबर लावून काही दिवस रेटला. मग झरीच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, ह्याचं सामान आता येत नाही.

मी दुसरा बटनांचाच घेणार होते. सून आडवी आली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मागच्या हंगामात एका शेतवाल्यानं "लय फुटलाय, सगळ्या बाया आना" म्हणून सांगितलं. आम्ही ऑटो भरून गेलो तर निम्मी बोंडं मिटलेली. वेचणीची मजुरी किलोवर असते. बोंड मिटलेलं असेल तर बाई दिवसभर वाकते आणि संध्याकाळी गाठोडं उशीएवढं. शिव्या शेतवाल्याला पडल्या नाहीत, मला पडल्या. सून म्हणाली, "काचंचा फोन असता तर आधी फोटो मागवला असता. आता सगळे फोटो टाकतेत."

फोटोचं मला पटलं. तेवढंच पटलं.

फोन घ्यायला मी आणि सून पूर्णेला गेलो. मुलगा तिकडंच कामाला असतो, पण त्याला सुट्टी नव्हती. स्टेशनाजवळच्या दुकानात एक चष्मेवाला जाडा माणूस होता. त्यानं काचेवर एकापेक्षा एक मोठे फोन मांडले. "हे बगा मावशी, टीव्हीवानी दिसतंय."

"टीव्ही घरी हाय. बारका दाखवा."

"बारका आता कुनी घेत न्हाई."

"मी घेते."

त्यानं ऐकलं नाही, मोठेच दाखवत राहिला. मग मी एक उचलला, चोळीत घातला आणि तिथंच कापूस वेचल्यासारखी वाकले. तो फोन गळ्यातून बाहेर आला, सुनेनं झेलला. दुसरा घातला, त्याचा कोपरा हाडाला टोचला. दुकानदार रस्त्याकडं बघायला लागला. सून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, लोक बघायलेत."

"बघू दे. वाकायचं मला हाय, लोकांना न्हाई."

तेव्हा कुठं त्यानं खालच्या कप्प्यातून एक लहान फोन काढला. माझ्या तळहातात बसेल एवढा. म्हणाला, "हा लोक दुसरा फोन म्हनून ठेवतेत. सकाळी पळायला जानारे बी घेतेत."

"पळायला फोन कशाला लागतो?"

मी फोन चोळीत घातला, वाकले, उठले, परत वाकले. हलला नाही. दुकानातल्या सगळ्यात स्वस्तातल्या फोनांत तो होता. दुकानदारानं त्याचं उणंही सांगितलं, ते मी मान्य करते. बॅटरी बारकी, दिवसभर पुरेल न पुरेल. अक्षरं बारीक. फोटो फार साठवता येणार नाहीत. आवाज मोठ्या फोनाएवढा नाही. अक्षरांचं मला काही नव्हतं, मी चौथी शिकलेली, जोडाक्षर आलं की मी अशीही थांबते. आवाजाचं मी नीट ऐकून घ्यायला पाहिजे होतं. तेव्हा माझं सगळं लक्ष फोन पडतो का राहतो याच्यावर होतं.

घरी आल्यावर पहिली अडचण बोटाची. बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात. इतकी वर्षं वेचून माझ्या बोटांची कातडी वहाणेच्या तळव्यासारखी झाली आहे. रेशनच्या दुकानातली मशीन माझा अंगठा घेत नाही, तशी ही काचही माझं बोट घेईना. मी दाबायची, ती ढिम्म. मी जोरात दाबायची, ती भलतंच काही उघडायची. सून म्हणाली, "दाबू नका, नुसतं लावा." लावून बघितलं, तरी नाही. मग मी एकेक बोट लावून बघितलं. करंगळी चालली. करंगळीला वेचणीत काही काम नसतं, ती मऊ राहिलेली. तेव्हापासून मी फोन करंगळीनं चालवते. बाया हसतात. हसू दे.

फोटोचा मात्र उपयोग झाला. झरीच्या एका शेतवाल्यानं पांढऱ्याशुभ्र कापसाचा फोटो पाठवला. मी सावलीत गेले, पदराचा आडोसा केला आणि बघितलं. झाडांच्या मागं गवत दिसत होतं. मी त्याला फोन लावला, "बापू, हे कडेचं हाय. कडेला ऊन लागतं, तिथला आधी फुटतो. मधात जा अन् तिथला फोटो काढ." तो म्हणाला, "मावशी, तुमाला लबाडी करायची सोयच न्हाई." मधला फोटो आला, कापूस अजून मिटलेला होता. आम्ही त्या दिवशी गेलो नाही आणि कुणाचा दिवस वाया गेला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, फोन चांगला घेतला.

आणि आता तोच फोन गप्प होता.

ऑटो वळून गेला तसं मला घरात राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेडगावच्या बाजूला जाणाऱ्या ऑटोत बसले आणि सरळ त्या शेतवाल्याच्या रानात गेले. पलीकडच्या गल्लीतल्या बाया पातीला लागलेल्या. कालची "उपास" म्हणणारी पण होती. शेतवाला धुऱ्यावर, शेताच्या कडेला, उभा होता. हा माझ्या मुलाच्या वयाचा. त्याच्या बापाच्या वेळेपासून मी त्या रानात वेचते.

मी म्हणाले, "काय बापू, आमच्या हाताला काटे फुटले का?"

तो म्हणाला, "मलाच इचारायल्या? तुमी लय मोठ्या झाल्या मावशी. आमचा फोन कापायल्या."

"मी?"

"मग कोन? दोनदा लावला. वाजतो अन् कापला जातो. मी म्हनलं, नवा फोन घेतलाय, मोठं गिऱ्हाईक भेटलं आसंल."

मी शपथ घेतली. त्याला पटलं नाही. त्यानं तिथंच खिशातून फोन काढून मला लावला. बोलताना हात रिकामे राहत नाहीत म्हणून मी वाकून जवळच्या झाडाची बोंडं वेचत होते. छातीशी काहीतरी एकदा थरथरलं, मुठीत धरलेला किडा थरथरतो तसं, आणि थांबलं. शेतवाल्यानं फोन कानाचा काढून माझ्यापुढं धरला. "बगा! माझ्या तोंडावर कापला!"

पातीतल्या बाया सगळ्या बघत होत्या. एकीनं म्हटलं, "जादू हाय मावशीच्या चोळीत." सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी फोन बाहेर काढला. काच घामानं ओली होती. तेव्हा मला कळलं. वाकलं की काच अंगाला दाबली जाते. माझं बोट ज्या काचेला कळत नाही, तिला माझा घाम कळतो. घामानंच ती फोन कापत होती. किती शेतवाल्यांचे कापले असतील कुणाला ठाऊक.

बारका घेतला तो चोळीत राहावा म्हणून. चोळीत राहिला म्हणून तो कापायला लागला. मोठा घेतला असता तर चोळीत राहिलाच नसता.

शेतवाल्याला मी ओला फोन दाखवला. तो हसला, पण जरा नरमला. म्हणाला, "दुसरी येचनी तुमच्या बायांनी करा. पन मावशी, फोन उचलायला पायजे. मला सकाळच्या पारी बाया लागतेत, मी कुनाकुनाच्या चोळीचा इचार करू?"

तर प्रश्न एवढाच उरला होता की फोन ठेवायचा कुठं. ऐकायला सोपा वाटतो. मी दुसऱ्या दिवशी तो चंचीत ठेवला, पान-तंबाखूच्या पिशवीत, कमरेला खोचून. चुन्याची डबी सांडली आणि चार्जिंगच्या भोकात चुना गेला. दुरुस्तीवाल्यानं सुईनं टोकरून काढला आणि विचारलं, "मावशी, फोनाला बी पान लागतं का?"

मग ओटीत ठेवला. वेचताना आम्ही कमरेला लुगड्याचा सोगा किंवा फडकं बांधून पिशवीसारखं करतो, त्यात कापूस टाकत जातो. ती ओटी. भरली की गाठोड्यात रिकामी करायची. दुसऱ्या वेचणीला, त्याच पेडगावच्या शेतवाल्याच्या रानात, मी सकाळी आठवणीनं फोन काढून घेतला आणि मग ओटी रिकामी केली. दुपारी विसरले. संध्याकाळी काट्यावर गाठोडी लागली, माझं वजन झालं, माझा कापूस ढिगावर ओतला गेला. घरी जायला निघालो तेव्हा मी चोळी चाचपली, चंची चाचपली. सुनेनं तिच्या बटनांच्या फोनवरून लावला. सगळे गप्प उभे राहिलो. ढिगाच्या आतून बारीक आवाज यायला लागला, गोधडीखाली लेकरू कुरकुरतं तसा.

शेतवाला म्हणाला, "मावशी, वजनाला टाकला का? लोक दगड टाकतेत, पानी मारतेत. तुमी फोन टाकायल्या."

सगळे हसले. मी हसले नाही. मी पदर खोचून त्या ढिगात शिरले आणि कोपरापर्यंत हात घालून फोन काढला. त्याला म्हणाले, "माझ्या वजनातून एवढा काप." तो नको म्हणत होता. मी कापायला लावला. कापसाच्या कामात एकदा लबाड म्हटलं की ते पुसत नाही, हसत म्हटलं तरी.

घरी येताना ऑटोत सून म्हणाली, "आत्या, एक सांगू का? राग मानू नका."

राग मानू नका म्हटलं की मी आधीच मानून ठेवते.

"तुमी झाडाखाली बसा की. लेकरं बी बघा अन् फोन बी धरा."

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. ऑटोवालासुद्धा.

हे झाडाखालचं सांगायला पाहिजे. टोळीत एखाददुसरी लेकुरवाळी असते. धुऱ्यावरच्या कडुलिंबाला झोळी बांधायची, आणि एका बाईनं तिथं बसून लेकरं बघायची, पाणी बघायचं. ती वेचत नाही म्हणून शेतवाला तिला काही देत नाही. तिला आम्ही देतो. संध्याकाळी काट्यावर जायच्या आधी प्रत्येक बाई आपल्या गाठोड्यातला ओंजळभर कापूस तिच्या पदरात टाकते. तो तिचा कापूस, तिच्या नावानं मोजला जातो. ही आमची रीत आहे आणि चांगली रीत आहे. त्या वर्षी एक तरणी बाई, पहिल्या लेकराची आई, झाडाखाली बसत होती. लेकरू अंगावर पिणारं होतं. तिच्याआधी माझी जाऊ बसायची, गुडघे गेल्यावर.

म्हणून सुनेचं बोलणं मला चावलं. झाडाखाली बसणं म्हणजे पातीतून उठणं. पातीतून उठलेली बाई परत पातीला लागलेली मी बघितली नाही. तरणी लागते, लेकरू मोठं झालं की. म्हातारी लागत नाही.

पण दुसरं काही सुचतही नव्हतं. मी नको म्हणाले असते तर सून म्हणाली असती, मग माझ्याकडं द्या फोन. ते मला नको होतं. सुनेच्या हातात फोन म्हणजे सुनेची टोळी. यात लपवण्यासारखं काही नाही. ती कामाला माझ्यापेक्षा चपळ आहे, बोलायला गोड आहे. एकदा शेतवाल्यांच्या कानात तिचा आवाज बसला की माझा आवाज कशाला हवा? फोन हातात ठेवायचा तर पात सोडायची, पात ठेवायची तर फोन सोडायचा. दोन्ही मला हवं होतं.

मी बसून बघितलं. एक दिवस.

झोळीत लेकरू, दुसरं एक चिंध्यांशी खेळणारं, आणि माझ्या मांडीवर फोन. तरणी बाई त्या दिवशी माझ्या जागी पातीला लागली, अधूनमधून पाजायला यायची. फोन वाजला. मी करंगळीनं उचलला. झरीचा शेतवाला होता, परवासाठी बाया पाहिजे होत्या. मी फोटो मागवला, बघितला, आकडा सांगितला. सगळं जसं व्हायला पाहिजे तसं झालं. फोन चांगला होता. त्यात काही खोट नव्हती.

आणि मला तिथं बसवत नव्हतं. हात मांडीवर ठेवून ठेवून किती ठेवणार? मी आजूबाजूचं गवत उपटलं. पाण्याची घागर सावलीत होती, ती सावली सरकायच्या आधीच सरकवली. समोर पातीतली एक बाई मागं बोंडं सोडून पुढं चालली होती. मी ओरडले, "ए, मागं कापूस ऱ्हायला तुझा!"

पातीतून सून ओरडली, "आत्या, झाडाखाली बसलेल्यानं वरडायचं नसतं. लेकरं उठतेत!"

सगळी पात हसली. लेकरू उठलं.

संध्याकाळी काट्यावर जायच्या आधी बाया एकेक करून माझ्यापुढं आल्या. मी पदर पसरला. मी किती वर्षं दुसऱ्यांच्या पदरात ओंजळ टाकत आले, माझी ओंजळ कधी लहान नव्हती, कधी मोठी नव्हती. त्या दिवशी ज्या ओंजळी माझ्या पदरात पडल्या त्या मोठ्या होत्या. सुनेनं दोन्ही हात भरून टाकला आणि परत भरायला वाकली.

मी म्हणाले, "ओंजळ म्हनलं तर ओंजळ. एवढा कशाला?"

"असू द्या की," ती म्हणाली.

हे बोलणं मला ओळखीचं होतं. माझी जाऊ झाडाखाली बसायची तेव्हा मी तिला असंच म्हणायची, असू द्या की. ती मग तिकडं कुठंतरी बघायची. मला वाटायचं, तिला बरं वाटतं. माझ्या पदरातला कापूस काट्यावर गेला तेव्हा तो माझ्या रोजच्या वेचणीपेक्षा जास्त भरला. काम न करता जास्त. मी तो कापूस ढिगावर ओतला आणि पदर झटकून ऑटोत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी ओटी बांधली. ऑटोतून उतरल्यावर फोन त्या तरण्या बाईच्या हातात दिला. ती दहावी शिकलेली, तिला टोळीची हौस नव्हती. लेकरू झोपलं की तिला पुरे. म्हणून मी तिला निवडलं, तिच्या शिक्षणासाठी नाही. मी तिला सांगितलं, "वाजला की उचल. हो म्हनू नको, न्हाई म्हनू नको. मावशी पातीत हाय म्हन अन् मला हाक मार."

ती म्हणाली, "अन् फोटो आला तर?"

"फोटोत गवत दिसलं तर मधला मागव."

सून सगळं ऐकत होती. तिनं माझ्या शेजारची पात धरली आणि मला मागं टाकून पुढं गेली, रोजच्यासारखी.

फोन वाजायचा, ते मला पातीत ऐकू यायचं नाही. आवाज बारका, दुकानदारानं सांगितलेलाच. पण झाडाखालून हाक यायची, "मावशी, झरीवाले इचारायलेत, किती बाया?" मी कंबर सरळ करायची, पातीकडं बघायची, कोण आजारी, कोण माहेरी, ते धरून सोडून आकडा ओरडून सांगायची. ती तोच आकडा फोनात सांगायची. सगळ्या रानाला कळायचं की आकडा कुणी सांगितला. मला ते बरं वाटायचं. शेतवाल्याला आकडा नेमका लागतो. एक बाई कमी आली तर पात मोकळी राहते, जास्त आली तर तिला परत पाठवायचं कुणी?

काही दिवस असं चाललं. एकदा पेडगावचाच शेतवाला मला म्हणाला, "मावशी, ती पोरगी चांगली बोलती. नेमकं बोलती." मी म्हणाले, "तिला मीच शिकवलंय." अर्धं खरं होतं. त्या रात्री फोन घरी आणल्यावर मी तो बराच वेळ हातात धरून बघितला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मग शेवटच्या वेचणीचे दिवस आले. कापूस विरळ, बोंडं किडकी, बाया कंटाळलेल्या. मी पातीत होते. झाडाखाली ती उभी राहिलेली दिसली, एका हातानं झोळीची दोरी ओढत, फोन कानाला. मी कंबर सरळ करून हाकेची वाट बघत राहिले. हाक आली नाही. ती बोलत होती. वारा माझ्याकडं होता म्हणून मला ऐकू आलं. "हो दादा. न्हाई, कडेचा नका दावू, मधला टाका... हां. चौदा येतेन. चौदाच."

तिनं फोन खाली केला आणि लेकराला झोका दिला. माझ्याकडं बघितलंही नाही.

माझं डोकं तापलं. मी तिथून ओरडणार होते. आधी मोजलं. एक बाई पूर्णेला लेकीकडं गेलेली, एकीला ताप, एकीचा नवरा ऊसतोडीवरून यायचा होता म्हणून ती येणार नव्हती. ही स्वतः झाडाखाली. आकडा बरोबर होता. त्यामुळं जास्त राग आला, चुकला असता तर ओरडता आलं असतं. मी परत मोजलं, बोटांवर, पात बघून. मला सोडून उरलेल्या बाया तेरा होत्या.

तिच्या आकड्यात चौदावी मी होते.

सून पुढून म्हणाली, "काय झालं आत्या? कंबर धरली का?"

"न्हाई," मी म्हणाले. "तू मागं बोंडं सोडायलीस, ते बघायले."

"कुठं सोडलं?"

सोडलं नव्हतं. मी वाकले.